अर्धवेळ बापाची कुवत

३ जानेवारी
शाळेतली पूर्णवेळ नोकरी सोडून आज वर्ष झालं. माजी पत्नी सगळीकडे सांगत फिरते की मुलीची पोटगी चुकवायला सोडली. साफ खोटं! कवितासंग्रहासाठी सोडली. संग्रह अजून सुरू व्हायचाय. तूर्त वाचनालयात रोज दोन तासांचं काम. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मागा म्हणावं पोटगी.

११ जानेवारी
लेकीचा फोन. तेरा वर्षांची झाली. फळ्यावरचं दिसत नाही म्हणाली, चष्मा हवाय. धीर यावा म्हणून सुरेल कविता म्हणून दाखवली. मध्येच तिच्या आईने फोन हिसकावला. कवितेवर दुकानदार चष्मा देतो का, विचारलं. अरसिक बाई.

२० जानेवारी, सकाळी ७
उद्या पोटगीचं कोर्ट. वकील बजावतोय, काका, फक्त ‘आता झेपत नाही’ एवढंच म्हणा. आवाज बसतो, आठवत नाही, वर्ग आवरत नाही. आरशासमोर थकण्याचा सराव केला. वय चोपन्न, पण ऐंशीचा दिसलो. फत्ते!

२१ जानेवारी
माजी पत्नीची वकिलीण महाकपटी. माझीच री ओढायला लागली. सर खरंच थकलेत हो, म्हणाली. आता कवितेच्या दोन ओळी तरी पाठ असतील का? अंगाची लाही लाही झाली. दुसरीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, चालींसकट. न्यायाधीशबाईंनी थांबवलं तेव्हा सातवीत पोचलो होतो. शिपायाने टाळ्या वाजवल्या. माझा वकील डोकं धरून बसला. त्याला काव्याचं वावडं. बाजी मारली!

५ फेब्रुवारी
निकाल. आवाज खणखणीत, स्मरण तल्लख; हा गृहस्थ पूर्णवेळ शिकवू शकतो, मुद्दाम कमी कमावतो. सबब पोटगी पूर्ण पगार धरून. जो पगार मला मिळतच नाही, तो धरून! अपील करणार. वकील म्हणाला, करा, पण वकील दुसरा बघा. कृतघ्न.

१२ फेब्रुवारी
जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी, धावत येऊन पाया पडेल अशी खात्री. त्याने नोकरीच्या अर्जाचा फॉर्म दिला आणि बाकावर बसवलं. ‘आधीची नोकरी सोडण्याचे कारण’. पाऊण तास पेन चावला. एकही सुंदर ओळ सुचेना. शेवटी वैतागून लिहिलं: मुलीला पैसे द्यावे लागू नयेत म्हणून.
त्याने वाचलं. म्हणाला, ते माहितीय, सर. खाली सही राहिलीय.