स्टार्टरमधली बाई

चि. अविराज यास,

पळसदेवहून आजीचा आशीर्वाद. मी धड हाय, गुडघा सोडून. तू वेळेवर जेवतोस का ते कळव. मागच्या फोनला मी विचारायच्या आत तुझी मीटिंग लागली. म्हणून कागद घेतलाय, कागदाला मीटिंग नसती. (दुसरीतनं शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर हाय, नावं ठेवू नकोस. तुझ्या डिग्रीवरची सही तरी कुणाला वाचता येती?)

तर दिवाळीत तू वांग्यांना पाणी देणाऱ्या मोटारीला मोबाईलचा स्टार्टर बसवून गेलास, त्याची हकीकत. त्यातली बाई रोज फोन करती. लाईट आली, मोटार चालू झाली, मोटार बंद झाली, सगळं शुद्ध भाषेत सांगती. पोटच्या पोरानं कधी एवढं सांगितलं न्हाय. पहिल्यांदा मी विचारलं, बाई, तू कुणाची? म्हणाली, मोटार चालू आहे. गुडघ्याचं सांगून बघितलं, तरी मोटार चालूच. शेजारच्या द्वारकाबाईला वाटलं तुझ्या आईचा फोन हाय आणि भांडण लागलंय, म्हणून ती निवडायचे तांदूळ घेऊन पायरीवर येऊन बसली.

तुझं काम वाईट न्हाय, तेच तर दुखणं हाय. आधी मोटार घडीघडी रुसायची, मग आयटीआय झालेला आपला वायरमन संदेश यायचा. (चप्पल घालून थेट चुलीपाशी. म्हणायचा, करंट लागतो. चुलीत कसला करंट?) स्टार्टर उघडायचा, फुंकर मारायचा, च्या प्यायचा आणि पार अंथुर्णे गावापर्यंतच्या लग्नांच्या खबरी देऊन जायचा. दिवाळीत तुमी दोघं ओट्यावर भांडलात ते आठवतं का? तू कागदावर रेघा ओढून विजेचा लोड समजावत होतास. तो म्हणाला, "इंजिनेरसाहेब, हितला लोड तुमचा कागद वाचत न्हाय." तू म्हणालास, "म्हणूनच तू बांधलेली मोटार दर उन्हाळ्यात जळती." दोघांच्या भाकरी गार झाल्या. मी कुणाची बाजू घेतली न्हाय; घेतली असती तर भांडण मिटलं असतं. शेवटी तुझंच खरं ठरलं. त्यानंतर मोटार एकदाबी बिघडली न्हाय, आणि संदेश एकदाबी आला न्हाय.

परवा मात्र लाईट असून बाई गप्प. संदेशला निरोप धाडला. त्यानं पेटी उघडली, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि पेटी लावून टाकली. "आजी, फॉल्ट लई आतला हाय. आधी च्या ठेवा." दिवस कलंपर्यंत बसला, तुझ्या रेघांची नक्कल केली, मग काहीतरी खुडबुड करून मोटार चालू केली. त्याच दिवशी तुझाबी फोन आला. एकदा न्हाय, दोनदा. "आजी, माझ्या मोबाईलवर स्टार्टर बंद का दाखवतोय?" आजी चालू हाय का, ते विचारलं न्हाईस.

उठताना संदेशनं सांगितलं, बारामतीच्या एका कंपनीत त्याला कायमची नोकरी लागलीय, सोमवारपासून जायचंय. आयटीआयचा कागद बघून घेतलं म्हणं. मी बरं झालं म्हणलं आणि त्याचा कप विसळायला घेतला. द्वारकाबाई विचारत होती, नातीला डिग्रीला घालू का आयटीआयला? मी म्हणलं, एक पुण्याला नेतंय, दुसरं बारामतीला. घालायचं तिथं घाल, पोरगी हितनं जाणारच हाय.

बाकी ठीक. दही खाऊ नकोस, खोकला होतो.

तुझी आजी,
सरुबाई

ता. क. मोटारीला झालं काहीच नव्हतं. मीच मेन खाली ओढून फ्यूज काढला आणि डाळीच्या डब्यात ठेवला. (चप्पल घालून काढला. संदेशकडनं तेवढं शिकले.) त्यानं काही न विचारता फडताळातनं डबा काढला. डिग्रीत हे शिकवत्यात का?

ता. क. दुसरं. त्या बाईला काढून दुसरं काही बसवू नकोस. बोलती तर बोलू दे.

ता. क. शेवटचं. हे पत्र तुझ्या हातात पडंल तवर फ्यूज पुन्हा निघालेला असंल. कुठं ठेवलाय ते फोनवर सांगणार न्हाय आणि डाळीचा डबा आता उघडूच नकोस. येऊन शोध. वांग्यांना फार दिवस पाण्यावाचून ऱ्हाता येत न्हाय. मला येतं, पण तू वांग्यांचं बघ.