‘पूर्ण असमर्थ’ हा शेरा आणि माझे अहमदपूरचे घर

लिहून ठेवणार : मन्मथ गुरुबसप्पा धुळशेट्टे, वय अठ्ठावन्न, पूर्वी सरकारी पाहणी कारकून, आता निवृत्त, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर. (हाताला अजून जिल्हा उस्मानाबाद लिहायची सवय आहे. दीड वर्षापूर्वी जिल्हा बदलला, मी जागचा हललो नाही.)

माझे डोके आज ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. डॉ. संगप्पा मिटकरी यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. एकतीस वर्षे लोकांना काय येत नाही ते मी कागदावर भरत होतो. मला काय येते याचा दाखला आयुष्यात पहिल्यांदाच घेतला. छातीत दोनदा कळ येऊन गेली आहे आणि तिसरी विचारून येणार नाही, म्हणून हे लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला बायको-मुले नाहीत.

कलम १. देहाबाबत. आमच्या रिवाजाप्रमाणे मला मांडी घालून बसवून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवावे. मात्र माझा उजवा पाय तिसऱ्या वर्षी तापात गेला, तो गुडघ्यात वाकत नाही. चुलते मलप्पा गेले तेव्हा त्यांचा आखडलेला पाय चौघांनी दाबून मांडी घालायला लावली. तो आवाज मी ऐकलेला आहे. माझा पाय दाबू नये. खड्डा पुढच्या बाजूला दोन हात लांब खणावा, म्हणजे पाय पसरून मी व्यवस्थित बसेन. चार टोपली माती जास्त निघेल, इतकेच. मठाच्या स्वामींशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. हरकत आहे ती पुतण्याची, आणि ती लोक काय म्हणतील एवढीच आहे.

कलम २. पुतण्या वीरभद्र यास शेतातला माझा हिस्सा द्यावा. तो कसतो, त्यामुळे तो त्याचाच आहे. माझी सायकलही त्याला. एका पायाने मारता यावी म्हणून मी ती नांदेडहून खास बनवून आणली होती. त्याने ती एकोणसत्तर साली ‘दोन दिवसांसाठी’ नेली. ती आता कागदोपत्रीही त्याला देतो म्हणजे त्याच्या मनाला टोचणी राहणार नाही, अर्थात आजवर टोचणी लागल्याचे दिसले नाही. त्याच्या लग्नात फोटोच्या वेळी मला मागच्या रांगेत बसवले, पाय दिसू नये म्हणून. ते मी विसरलो आहे. विसरलो आहे हे नोंदवून ठेवतो.

कलम ३. माझी काठी सरकारी दवाखान्यात द्यावी. घेणाऱ्याची उंची बघून द्यावी, बाकी काही बघू नये.

कलम ४. हे कलम वाटणीचे नाही, कबुलीचे आहे. पुढचे कलम समजायचे तर हे आधी वाचावे लागेल.

बहात्तरच्या दुष्काळात अहमदपूरजवळ तलावाचे काम निघाले. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत मला तिथे अपंगांची पाहणी करायला पाठवले. कावेरीबाई व्यंकटी, वय तेव्हा तीस, विधवा, दोन्ही डोळ्यांनी अंध, तिथे कामावर होत्या. बायका रांग धरून उभ्या राहत आणि मातीचे टोपले हातोहात भरावावर पोचवत. कावेरीबाईंची जागा ठरलेली होती, भामाबाईच्या पुढे. डावीकडून टोपले आले की उजवीकडे द्यायचे. मजुरी टोळीच्या मापावर मिळत असे, आणि ती टोळी मापात कधी मागे नव्हती. पाऊण तास मी पाहत उभा होतो, तरी त्यांना दिसत नाही हे मला कोणी सांगेपर्यंत कळले नाही.

माझ्या फॉर्मवर नववा रकाना ‘काम करण्याची क्षमता’ असा होता. ‘अंशतः असमर्थ’ किंवा ‘पूर्ण असमर्थ’ यांपैकी एक लिहायचे. मी ‘पूर्ण’ लिहिले. मला वाटले, असे लिहिले तर बाईला उन्हात उभे राहावे लागणार नाही, घरबसल्या मदत मिळेल. दया आली म्हणून लिहिले. माझा स्वतःचा पाय असा असताना मला हे सुचावे, याची लाज आजही वाटते.

पंधरा दिवसांत कागद फिरून मुकादमाकडे आला. मुकादम अर्जुनराव कदम यांनी हजेरीपटावरून नाव काढले. पूर्ण असमर्थ बाईला मजुरी दिली तर ती खोटी हजेरी ठरली असती. त्यांचा दोष नाही. घरबसल्या मदत आठ महिन्यांनी आली. मधल्या काळात रांगेतल्या आईच्या जागी मुलगी उभी राहिली. मुलगी चौथीत होती.

मी हे ऐकून त्यांच्या घरी गेलो. कावेरीबाई जात्यावर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अप्पा, टोपलं म्या हातानं उचलत हुते, डोळ्यानं न्हाई. तुमच्या कागदाला हात लिव्हायला जागाच न्हाई का?”

तशी जागा नव्हती. त्या दिवसापासून मी दुसरी वही सुरू केली. सरकारी फॉर्मवर माणसाला काय नाही ते लिहायचो आणि या वहीत त्याला कोण किंवा काय अडवते ते. एस.टी.ची पहिली पायरी. विहिरीचा उघडा काठ. मुक्या मुलाला बाकावर न बसवणारा मास्तर. अपंगत्वाचा दाखला पहिल्या मजल्यावर देणारे एक कार्यालय, ज्याचे नाव लिहीत नाही. अशा अकरा वह्या झाल्या.

जुना शेरा दुरुस्त करावा म्हणून मी तीन अर्ज केले. नवा जिल्हा झाला तेव्हा वाटले, आता यादी नव्याने होईल. झाली, पण जुन्या यादीवरून नक्कल करून. ‘पूर्ण असमर्थ’ लातूरला पोचले.

म्हणून इथे लिहून देतो की तो शेरा चुकीचा होता, तो माझ्या हातचा होता आणि मी तो मागे घेतो.

कलम ५. अकरा वह्या नांदेडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या दानम्मा पटणे यांना द्याव्यात. अपंगांच्या पुनर्वसनावर त्या संशोधन करत आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या पायाबद्दल न विचारता घराच्या उंबऱ्याची उंची मोजली, तेव्हाच मी ठरवले. अट एकच : पुस्तक झाले तर ज्यांची नावे वह्यांत आहेत त्यांना ते आधी वाचून दाखवावे.

कलम ६. अहमदपूर येथील माझे स्वकष्टार्जित दोन खणांचे घर, विटांचे, नळ व अंगणासह, कावेरीबाई व्यंकटी यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने द्यावे. पालक नेमू नये. वीरभद्र म्हणतो, “काका, माझं नाव पालक म्हणून लावा. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, तसं होईल त्या घराचं.” माझ्या पाहणीत मी सत्तावीस अंध बायका दळताना पाहिल्या. एकाही जात्याजवळ कुत्रे नव्हते. उद्या वीरभद्रने कोर्टात माझाच जुना शेरा दाखवला, तर कोर्टाने कलम ४ वाचावे.

इथपर्यंत मंगळवारी लिहून झाले. बुधवारी मी कावेरीबाईंना वाचून दाखवायला गेलो. मला वाटले होते, त्या निदान बरे म्हणतील.

कलम ७. वरील कलम ६ मी खोडले आहे. कारण पुढीलप्रमाणे.

कावेरीबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मला इचारून लिव्हलंत का?”

मी नाही म्हणालो.

“ह्या गल्लीत मी आंधळी न्हाई, अप्पा. बारा पावलं नळ, पुढं साखराबाईचं दार, मंग मारुती. तुमच्या घरात नेऊन बसवलं की झाले आंधळी. कशाला करता असं?”

अकरा वह्या भरूनही मी फॉर्म भरावा तसाच त्यांचा विचार केला होता. मी म्हणालो, तुमचे माझ्याकडून नुकसान झाले, ते मला भरून द्यायचे आहे.

“माझं काय गेलं? आठ म्हैने काम गेलं. शाळा रुद्रीची गेली. तिचं नाव हाय का तुमच्या वहीत?”

घरी येऊन मी अकराही वह्या तपासल्या. नाव नाही. मुलीचे डोळे, हात, पाय सगळे शाबूत, त्यामुळे ती माझ्या पाहणीत बसत नव्हती. कावेरीबाईंच्या पानावर ‘कुटुंबात मदतनीस : एक’ असे लिहिले आहे. दहा वर्षांच्या पोरीला मी मदतनीस लिहिले होते. दानम्माबाईंनी आपल्या संशोधनाच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवावा : याचे काम सुटल्यावर घरातले कोण त्या कामाला जुंपले गेले? त्याचेही नाव लिहावे.

कलम ८. सदर घर, कलम ६ मधील वर्णनाप्रमाणे, कावेरीबाईंची मुलगी रुद्राणी व्यंकटी, वय एकवीस, शिक्षण चौथी अपूर्ण, काम मोंढ्यात धान्य चाळणे, हिला द्यावे. तिने आईचा हयातभर सांभाळ करावा.

या वेळी मी कोणी सांगायच्या आत विचारायला गेलो. शुक्रवारी दुपारी मोंढ्यात तिला गाठले. डोक्याला फडके, पापण्यांवर ज्वारीचा भुसा. चाळण खाली ठेवून तिने ऐकले. मग म्हणाली, “अप्पा, शेवटली वळ परत वाचा.”

मी वाचली.

“चार स्थळं बघून गेली मला. समदे हेच इचारतात, आईचं कोण करतं? आई सोताचं सोता करती. माझंबी करती. पर आता तुमीच कागदावर लिव्हलं तर मग झालंच की. पुन्ना तिच्या जागी मला हुभं केलं तुमी.”

मी तसाच कावेरीबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “पोरगी खरं बोलली. काढा ती वळ. मी कुनाच्या गळ्यातलं लोढणं न्हाई.”

ती ओळ मी काढली आहे. घर रुद्राणीचे. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे, विकून मुलूख सोडून जावे. तिला कोणाला सांभाळायचे असेल किंवा नसेल, तो तिचा प्रश्न आहे. तिच्याकडे माझ्या वतीने कोणी काही मागू नये.

खाडाखोड : दोन ठिकाणी. कलम ६ पूर्ण, आणि कलम ८ मधील ‘तिने आईचा हयातभर सांभाळ करावा’ हे शब्द. दोन्ही मीच खोडले असून बाजूला सही केली आहे. अंमलबजावणी डॉ. संगप्पा मिटकरी यांनी करावी.

ठिकाण : अहमदपूर
तारीख : ११ मार्च १९८४, रविवार

(सही) मन्मथ गुरुबसप्पा धुळशेट्टे

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. (सही) डॉ. संगप्पा मिटकरी, अहमदपूर

२. (सही) अर्जुनराव कदम, पूर्वी मुकादम, तलावाचे काम. मजकूर वाचून घेतला. साक्षीदाराने जादा काही लिहायचे नसते हे ठाऊक आहे, तरी लिहितो : आईचे नाव काढले त्याच पानावर मुलीचे नाव मीच चढवले होते, आणि तिचे वय विचारले नव्हते.