सासऱ्यांच्या जागी तुझा अजगर

पंधरा दिवस म्हणाला होतास, बुनहिओंग. शाळा मी तिसरीत सोडली, पण पंधरा म्हणजे किती हे मला कळतं, आणि आज बावन्नावा दिवस आहे. फोन केला की तुझी बायको उचलते आणि म्हणते, "ताई, ते आंघोळीला गेलेत." एवढी आंघोळ करणारा माणूस अजून विरघळला कसा नाही? म्हणून हे पत्र. तू बराच असशील (तुला काय धाड भरली आहे), बायकोची बाळंतपणात धरलेली कंबर सुटली का ते कळव, बाळाचा माझ्यातर्फे पापा घे. आम्ही ठीक. यंदा जामाच्या झाडांना फळ चांगलं लाल धरलं आहे, तुम्हाला पेटी पाठवणार होते, आता पाठवणार नाही.

तू तो निळा डबा मागच्या पडवीत ठेवलास आणि म्हणालास, ताई, हा अगदी गरीब आहे, महिन्यातून दोनदा खातो, बाकी झोपतो. (हे वर्णन तुझंही होतं, लग्नाआधी.) वर म्हणालास, घरात कुणाला सांगू नकोस, घाबरतील. मी नाही सांगितलं. नवऱ्यालाही नाही. झाकणावर खताची दोन पोती ठेवली आणि गप्प बसले. तिथंच चुकलं, कारण खताची पोती बागेत न्यायची असतात आणि आमच्या ह्यांनी ती बरोबर सासऱ्यांच्या शंभराव्या दिवशी पहाटे नेली.

सकाळी सासूबाई पितरांच्या खोलीत चहा ठेवायला गेल्या, तर पितरांच्या नावांच्या पाट्या मांडलेल्या टेबलाखाली सात हात लांब, पिवळंधमक जनावर वेटोळं घालून बसलेलं. दुसरी बाई किंचाळली असती. ह्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आलात? इतका उशीर?"

आता तूच सांग. माणूस जाऊन शंभर दिवस भरले, त्याच सकाळी त्याच्याच पाटीखाली साप येऊन बसला, तर आपल्याकडे कोण काय समजणार? आमच्या ह्यांनी आधी साप धरायला फोन केला अग्निशामकवाल्यांना. ते येईपर्यंत शेजारचे लिम काका आले आणि दारातूनच म्हणाले, "शंभर-पावली आहे! चावला की शंभर पावलं, की खलास." मी म्हटलं, काका, शंभर-पावलीच्या अंगावर त्रिकोण असतात, ह्याच्या अंगावर लोणी फासल्यासारखं दिसतंय. मग म्हणाले, छत्री-साप. छत्री-सापाला काळेपांढरे पट्टे असतात, छत्रीच्या काड्यांसारखे. मग म्हणाले, गंधारी. गंधारी साप ओळखायला डोळे लागतच नाहीत, तो जाळ्यातून सोडवला की चार दिवस हाताचा वास जात नाही आणि माणसाला स्वतःच्या हाताने जेवण जात नाही. दरवर्षी बागेच्या जाळीत अडकलेले दहा-पंधरा साप मीच कात्रीने सोडवते, मला कोण शिकवणार? पण हे बोलून बसले ना मी! आता साप कुठला नाही ते सांगितलं, तर कुठला आहे तेही विचारणारच.

अग्निशामकवाला आला, आकडी आणि गोणी घेऊन, चित्रांचा तक्ता घेऊन. तक्त्यावर बोट फिरवून म्हणाला, "मावशी, हा इथला नव्हेच. हा अजगर आहे, कुणीतरी पाळलेला." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, मी जामं पाळते. तेवढ्यात सासूबाई खराटा घेऊन उभ्या राहिल्या. "तुझा बाप शंभर दिवसांनी घरी आला तर त्यालाही गोणीत घालशील का रे?" तो बिचारा आकडी पाठीमागे लपवायला लागला.

मग कौल लावला. सासूबाईंनी कौलाचे ते अर्ध्या चंद्रासारखे दोन लाकडी ठोकळे हातात घेतले आणि विचारलं, तुम्हीच का? टाकले. एक उपडा, एक उताणा, म्हणजे हो. दुसऱ्यांदा हो. तिसऱ्यांदाही हो. लिम काकांनी टोपी काढली. अग्निशामकवाल्यानेही हात जोडले आणि कागदावर लिहून गेला: "साप आढळला नाही."

मी तोंड उघडलं होतं, खरं सांगते. पण सासूबाई वळल्या आणि म्हणाल्या, "भात आण. दोन वाट्या." बुनहिओंग, सासरे गेल्यापासून ती बाई दिवसाला अर्धी वाटी पेजेवर होती. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की तयारी ठेवा. त्या दिवशी दोन वाट्या भात खाल्ला आणि वर मला ओरडल्या की कोबीत मीठ आहे की नुसतं पाणी. मी न्हाणीघरात जाऊन रडले. मीठ कमी म्हणून आजवर कुणी रडलं नसेल.

आता तीन आठवडे हे चाललं आहे. तुझा अजगर सासऱ्यांच्या गोधडीवर झोपतो. सासूबाई त्याच्यासमोर सिगारेट पेटवून ठेवतात, उकडलेलं डुकराचं मांस ठेवतात (तो ढुंकून बघत नाही, त्या म्हणतात, "जिवंतपणीही असेच नखरे"), आणि रोज सकाळी तासभर माझ्या चहाड्या सांगतात. नवरा बागेत फवारणी करायची का ते त्याला विचारून जातो. सगळ्या घरात खरं माहीत असलेली मी एकटी, आणि त्याचं पाणी बदलणारी, घाण काढणारीही मीच. सासरे होते तेव्हाही मीच करत होते, म्हणून फार काही बदललं नाही म्हणा. पण पुरे. ये आणि तुझा घेऊन जा.

तुझी ताई,
सिउखिम

ता. क. घेऊन जाऊ नकोस. काल सासूबाई काठीशिवाय विहिरीपर्यंत गेल्या. तू फक्त ते गोठवलेले उंदीर पाठव. मांस तो खात नाही, आणि डब्यासोबत दिलेल्यातले उरलेले मी मासळी म्हणून फ्रीजमध्ये लपवले होते, ते ह्यांनी तळायला काढले.

आणखी ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. आज सकाळी गोधडी बदलायला गेले तर सासऱ्यांनी अंडी घातली आहेत. मला दिसली ती एकवीस. त्यांना विळखा घालून बसला आहे (बसली आहे!) आणि जवळ गेलं की फुसकारते. सासूबाईंना अजून कळलेलं नाही, त्यांना वाटतं सासऱ्यांना हुडहुडी भरली आहे म्हणून घट्ट गुंडाळून बसलेत. शुक्रवारी चिंगमिंग. थडगी झाडायला सगळी भावकी येणार, चाळीस माणसं, आणि प्रत्येकजण टेबलाखाली वाकून सासऱ्यांना नमस्कार करणार. तेव्हा नीट आठवून लिही: हिला तू कधी दुसऱ्या अजगराबरोबर ठेवलं होतंस का, ह्या अंड्यांतून काही निघणार आहे का, आणि निघणार असेल तर किती दिवसांनी. बुधवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं. आंघोळीत असलास तर ओल्या अंगाने बाहेर ये आणि लिही.