कूमने पाठवलेलं ग्राफिक्स कार्ड

आसेनोवग्राद,
सोमवार, ६ फेब्रुवारी २०२३,
संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटं

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी नव्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करत होतो. फोनवर कळवत नाही, कारण तुझा फोन सासूबाईही चाळतात. पत्र याम्बोलच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

माझे तिघे मित्र जर्मनीला गेले, हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळी ते इंटरनेटवर एकत्र खेळतात, तेवढीच आमची भेट. पण त्यांचा नवा खेळ माझ्या जुन्या कार्डावर उघडतच नाही. सप्टेंबरपासून मी नुसतं त्यांचं बोलणं ऐकत बसतो. म्हणून पाच महिने नवरीचे झगे इस्त्री करून ४२० लेव्हा साठवले. वहीत अकरा कार्डं लिहिली: किंमत, सेकंदाला किती फ्रेम, एका फ्रेमला किती लेव्हा पडतात. माझा पॉवर सप्लाय ४५० वॉटचा आणि कॉम्प्युटरच्या डब्यात जागा २६ सेंटीमीटर, तेही धरलं.

इतक्यात तुमच्या वेल्चोचा फोन आला. माझ्या दुकानात साडेसहाशेचं कार्ड पडून आहे, जेमतेम वर्षभर वापरलेलं, घरचा पोरगा म्हणून तुला ४२० ला देतो. माझ्या वहीत ते थेट पहिल्या नंबरावर गेलं.

शनिवारी अख्खा कॉम्प्युटर बाजाराच्या ढकलगाडीत घालून कुरिअरच्या ऑफिसात गेलो. आधी उघडा, तपासा, मग पैसे द्या, ही सोय इथे सगळेच वापरतात. काउंटरवरच्या बाईंनी विजेची वायरही काढून दिली. आणि मी खोक्यावर वेल्चोचं नाव वाचून न उघडताच पैसे भरून सही केली. तुमच्या लग्नात तुमच्या डोक्यांवर मुकुट धरलेला कूम, उद्या तुझ्या बाळाला बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून हातात घेणारा. त्याचं खोकं चार लोकांत तपासायचं म्हणजे त्याला चोर म्हणणं. बाईंनी दोनदा विचारलं. दोनदा नको म्हणालो.

घरी सातव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे चौकोन. कार्ड उघडलं तर आतली पेस्ट वाळून भुकटी झालेली, पंखे झिजलेले. बिटकॉइनसारखी आभासी नाणी काढण्यासाठी ते रात्रंदिवस जाळलेलं आहे. वेल्चोला फोन केला तर म्हणाला, पोरा, कार्ड वाघ आहे, तुझा डबाच बैलगाडी. आणि हसला. त्याच्या मागे दुकानात आणखी कोणीतरी हसलं.

ताई, ते हसणं मी त्याच्या घशात घालणार आहे. कसं, ते ठरायचंय. बाळाला पापा.

तुझ्या लोभावर विसंबलेला,
राद्को


याम्बोल,
१२ फेब्रुवारी

चि. राद्कोस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, लंगोटांच्या गठ्ठ्यात लपवलंय. बाळ दिवसा झोपतं, रात्री जागतं आणि उगाच चिडतं. मामावर गेलंय, असं सगळे म्हणतात. चाळीस दिवस व्हायचेत, त्यामुळे मी उंबरा ओलांडत नाही.

तुझा राग खरा आहे. पण ईस्टरनंतर बाप्तिस्मा आहे, आणि इथे कूम म्हणजे देवाच्या खालोखाल. तो बिनसला तर मला या घरात मान वर करून वावरता येणार नाही.

आणखी एक. बाळ झाल्याचं कळवायला वेल्चोला फोन केला, तेव्हा त्याने तुझी चौकशी केली होती. मी कौतुकाने बोलून गेले की राद्को कार्डासाठी पैसे जमवतोय, ४२० झाले. काय करून बसले, ते तुझं पत्र वाचताना कळलं.

तुझ्या नुकसानीपोटी सोबत ८० लेव्हा ठेवतेय. क्षमेच्या रविवारी, मोठ्या उपासाआधी सगळे धाकटे थोरांची क्षमा मागतात तेव्हा, आम्हा सगळ्यांच्या वतीने त्याच्याकडे जा, हलवा ने, हाताचं चुंबन घे, क्षमा माग आणि विषय संपव. माझ्यासाठी.

तुझी काळजी वाहणारी,
ताई


आसेनोवग्राद,
शनिवार, ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सासूबाईंनी तुला एक बाजू सांगितली असेलच. मी तू म्हणालीस तसंच केलं.

वेल्चोकडे वीस-बावीस माणसं जेवायला होती. त्याची म्हातारी आई टेबलाच्या टोकाला, भावजी तिच्या शेजारी. मी हलवा ठेवला, गुडघा टेकला, हाताचं चुंबन घेतलं आणि क्षमा मागितली. रिवाजाप्रमाणे कारणही सांगितलं: तुम्ही पाठवलेलं खोकं मी न उघडता घेतलं, मग मागाहून फोन करून तुम्हाला त्रास दिला, चूक माझी. आवाज थोडा मोठाच ठेवला होता. वेल्चो घाईने म्हणाला, क्षमा केली, तूही मला कर.

यावर धाकट्याने 'केली' म्हणायचं असतं. मी गुडघ्यावरच राहिलो आणि विचारलं, "कशाबद्दल, कूम?"

तो म्हणाला, असंच, रीत म्हणून. मी हात सोडला नाही. म्हातारीने ब्रेड खाली ठेवला आणि म्हणाली, "पोरगं विचारतंय, वेल्चो. सांग की." आठ-नऊ वाक्यांत सगळं बाहेर आलं: कार्ड जळकं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि किंमतही तुझ्याकडून आकडा ऐकूनच ठरवलेली. दुकानात मागे हसणारा त्याचा मेव्हणा समोरच बसला होता, तो ताटात बघत राहिला. म्हातारीने वेल्चोला पाकीट काढायला लावलं. मी पैसे मोजले, जळकं कार्ड टेबलावर ठेवलं, नमस्कार केला आणि 'केली' न म्हणता निघालो. तुला भेटलो नाही, कारण तुझा चेहरा बघून ढिला पडलो असतो.

परवा प्लोव्दिवच्या दुकानातून मागवलेलं कार्ड आलं. मागच्या पिढीचं पण नवं, ८ जीबी, २४ सेंटीमीटर, तीन वर्षांची हमी. फ्रेमला पैसे थोडे जास्त पडतात, पण वहीत आता हमीचाही रकाना आहे. काउंटरवर पाऊण तास चालवून बघितलं. मागच्या रांगेने माझा उद्धार केला. बाई म्हणाल्या, चला, शिकलात. संध्याकाळी आम्ही चौघे खेळलो.

वेल्चोचा निरोप पोचला: राद्को 'केली' म्हणत नाही तोवर बाप्तिस्म्याला मुलाला हात लावणार नाही. तुझ्यासाठी जीव तुटतो, त्याच्यासाठी नाही. म्हणून हिशेब असा:

खर्च: कार्ड ४८९, कुरिअर ६.४०, हलवा ७.२०. एकूण ५०२.६०.
जमा: वेल्चोकडून ४२०, तुझे ८०, पदरचे २.६०.
देणं: तुला ८० लेव्हा, मेच्या पगारात. वेल्चोला एक शब्द. तो बाप्तिस्म्याच्या सकाळी, चर्चच्या दारात, सगळ्यांच्या देखत देईन. त्याआधी एक दिवसही नाही.

रागावलीस तरी आपला म्हण,
राद्को