नंबर न टाकलेला मोह

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

आज चौतीस झाडे झाली. रस्ता रुंद करायचा आहे, म्हणून कडेच्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा मारायचा, त्यावर लाल रंगाने नंबर टाकायचा, छातीच्या उंचीवर घेर मोजून रजिस्टरात लिहायचा. ठेकेदार गजेंद्रभाऊंनी मला अक्षरासाठी घेतले. "दहावी फेल है, मगर अक्षर देखो," असे ते माझ्यासमोरच लोकांना सांगतात. माझ्या आधीच्या माणसाने 'जांभूळ' चार ठिकाणी ऱ्हस्व लिहिले होते. सुधारले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शाळेजवळची चिंच — नंबर ७१. पाढे चुकले की गुरुजी हिच्याखाली उभे करायचे. मी बरेचदा उभा राहिलो, त्यामुळे हिची साल मला पाठ आहे. पट्टा मारताना एक खोबण आली. त्यात मी एकदा पेन्सिल लपवली होती. बोट घालून पाहिले. मुंग्या होत्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जांभूळ, नंबर ९६. मोठ्या बहिणीच्या, चंदाताईच्या, लग्नात मांडवाच्या डहाळ्या याच्याच. वर मी चढलो होतो. खाली ताई म्हणत होती, "बारक्या तोडजो गा, झाडाले लागते." स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिला झाडाची काळजी.

नंबर सरळ आला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

११८ हा पळस. त्याच्या पुढे आईचा मोह.

झाड सरकारी जागेत आहे, पण ज्याने खालचा पाला झाडला त्याने फुले वेचायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. आई मंदाबाई वीस वर्षे झाडते, म्हणून गावाला तो मंदाबाईचा मोह. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी त्याच्याखाली जाऊन बसलो होतो. गणितात नापास. आई शोधत आली. रागावली नाही, समजावलेही नाही. मोहाच्या बिया पडल्या होत्या. टोपली पुढे ठेवली आणि म्हणाली, "वेच." अंधार पडेपर्यंत आम्ही वेचत होतो.

आज घेर मोजला. दोनशे अठरा सेंटिमीटर. लिहिला नाही. पट्टाही मारला नाही. पुढच्या झाडाला ११९ टाकला. नंबर लागला की झाड जाणार, मग नंबर कशाला लावायचा?

११९ मधला ९ वाकडा आला. पुसून पुन्हा काढला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गजेंद्रभाऊंनी रजिस्टर पाहिले. ११८ च्या पानावर त्यांचे बोट थांबले असे मला वाटले. मग ते तंबाखू मळू लागले. म्हणाले, "मस्त. नंबर मतलब झाड का आधार कार्ड." सगळे हसले. मीही हसलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

आईने विचारलेच. "माया मोहाले नंबर टाकलास का रे बाबू?"

"नाही."

"काऊन?"

"राहू दिला."

ती भाकरी थापत राहिली. थोड्या वेळाने माझ्या ताटात न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढली.

शनिवार, १ मार्च

आईने खालचा पाला झाडून जाळला. जमीन काळी, स्वच्छ. आता पंधरा-वीस दिवसांत फुले पडतील. तिने टोपल्या शेणाने सारवून उन्हात ठेवल्या आहेत. मी ११८ ते ११९ हे अंतर पावलांनी मोजले. एकवीस पावले. कोणी मोजले तर शंका येईल. पण कोण मोजतो?

गुरुवार, ६ मार्च

बाजाराचा दिवस. आई आणि मी तालुक्याला, गोरेगावला गेलो होतो. परत आलो तर मोह नव्हता.

बकारामकाका तिथे म्हशी चारत होते. त्यांनी सांगितले — दुपारी ट्रॅक्टर आला, चार माणसे, मशीनची करवत. "मी म्हनलो, मंदाबाईचा मोह हाय गा. कायले कापून राहिले? तं ते म्हनत, नंबर दाखव. मी झाडाभोवती फिरून पाह्यलो. नंबरच नाही."

फांद्या तिथेच टाकल्या होत्या. टोकांना कळ्यांचे गुच्छ होते.

आई म्हणाली, "तू तं म्हनलास राहू दिला." एवढेच.

शुक्रवार, ७ मार्च

गजेंद्रभाऊंना विचारले, नंबरची झाडे कधी तोडणार? म्हणाले, "अरे, अभी कहां! मंजुरी नाही. नंबरवाल्या झाडाले हात लावला तं जेल हाय. बिननंबरचं कोन पुसते? कागदावर नाही तं झाडच नाही."

चिंच उभी आहे. जांभूळ उभे आहे. येताना दोन्ही पाहिली. पट्टे दुरून दिसतात.

शनिवार, ८ मार्च

जेवलो नाही. टोपल्या आईने आत नेल्या.

रविवार, ९ मार्च

सकाळी आई खराटा घेऊन गेली. मला वाटले सवयीने. मागे गेलो. बुंध्याभोवतीचा भुसा झाडत होती. मला पाहून म्हणाली, "नंबर टाकला असतास तं दोन-चार साल अजून वेचलो असतो गा." आवाज नेहमीचाच होता.

सोमवार, १० मार्च

बुंध्यावर चुना मारला, त्यावर लाल रंगाने नंबर टाकला. रंग वाळेपर्यंत थांबलो. मग रजिस्टरात ११८ आणि ११९ यांच्या मधल्या जागेत लिहिले — ११८-अ. मोह. घेर दोनशे अठरा. शेरा: नजरचुकीने सुटला नाही. मी मुद्दाम सोडला. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. रजिस्टर गजेंद्रभाऊंच्या टेबलावर ते पान उघडे ठेवून आलो.