बंद नळ्यांचा उजेड

सातारा,
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

अब्बा,

अर्फाचा सलाम. अम्मीचा गुडघा कसा आहे? नवी हळद मार्केट यार्डात यायला लागली का?

पत्त्यावरून कळलंच असेल. पुण्याहून सांगलीच्या एस.टी.त बसले होते, पण साताऱ्यातच उतरले. तुमच्या बहिणीकडे, फुफीकडे आहे. पत्र फुफीचा राहीलभाई आणून देईल. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं.

आमचं काम तुम्हाला माहीत आहे. केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांत रेणू भरून तापवायचे, म्हणजे ते आत जुळून ग्राफीनची, कार्बनच्याच पातळ पापुद्र्याची, पट्टी तयार होते. तिच्यावर लेझर टाकला की ती स्वतःचा वेगळा उजेड देते. तो दिसला, आम्ही लेख पाठवला, तुम्ही यार्डभर सांगितलंत. रविवारी अडत्यांनी माझा सत्कार ठेवलाय.

अब्बा, तो सत्कार थांबवा.

मागच्या आठवड्यात मी तोंडं बंद असलेल्या नळ्या घेतल्या. त्यांच्यात काही शिरूच शकत नाही. त्यांनाही तसंच रेणूंच्या द्रावणात भिजवलं, तापवलं. त्याही तशाच उजळल्या. म्हणजे आम्ही पाहिला तो उजेड बाहेर चिकटलेल्या रेणूंचा होता.

शाळेआधी अक्षरं मी तुमच्या अडत दुकानाच्या गादीवर शिकले. पॉलिश केलेली हळद पुढं आली की तुम्ही म्हणायचात, “रंग सालीचा हाय का गाभ्याचा, मोडल्याबिगर कळत न्हाई, पावनं.” मी मोडलं, एवढंच.

आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, “थांबलो तर दुसरं कुणीतरी आधी छापेल.” मग त्यांनी बंद नळ्यांचा आलेख पाहिला आणि स्वतःच लेख मागे घेतला.

त्यानंतर सगळ्या नळ्या पुन्हा कसून धुतल्या. बंद नळ्या विझल्या. उघड्या नळ्यांत मात्र मंद उजेड उरलाय. तो आतला आहे. पक्कं सांगायला वर्ष लागेल, आणि ते मी देणार आहे.

फुफी हसतेय. “लेझरला भ्यायली न्हाईस, आन् बापाला भिऊन हितं उतरलीस व्हय?” खरं आहे. भीती माझ्यासाठी नव्हती. तुम्हाला यार्डात मान खाली घालावी लागेल, याची होती. लिहिता लिहिता ती गेली.

कुणी विचारलं तर सांगा, पोरीनं आपलाच माल मोडून बघितला. यार्डात कुणी हसणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टँडवर याल ना?

तुमच्याच गादीवर शिकलेली,
अर्फा