गामडालची वही

स्कार्विक, मंगळवार

प्रिय सुन्निवा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तेव्हापासून चार उत्तरं लिहिली आणि चारही स्टोव्हमध्ये घातली. हे पाचवं. कारखान्यात जेवणाची सुट्टी झालीय, हाताला कॉड माशाचा वास आहे आणि मी मालखोलीत मिठाच्या गोणीवर बसून लिहितोय. दोन ओळी झाल्या की उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. तुझं पत्र मला पाठ झालंय. ‘सगळ्यांनी विचारलं, वहीत का लिहिलं नाहीस. तू एकट्यानंच नाही विचारलंस. व्हेट्ले, आम्ही कुठे आहोत हे तुला कसं कळलं?’ आणि खाली ते शुक्रवारचं. शुक्रवारी चारच्या बोटीनं ट्रोम्सोहून येतेस, मी धक्क्यावर दिसलो तर ईस्टरला जे बोललीस ते तू विसरणार आणि मीही विसरायचं. सुन्निवा, ईस्टरपासून मी दुसरं काही मागितलेलं नाही. आणि आता ते पाकिटातून घरपोच आलंय, तर मी डबा तसाच बाजूला ठेवलाय.

आधी गावची खबर सांगतो. तुझे बाबा अजून दुकानात मान खाली घालून येतात. शोधपथकाचे प्रमुख ते, शाळेतल्या पोरांच्या तीन पिढ्यांना त्यांनी एकच धडा दिला: झोपडीत गेलात की आधी वही उघडा, नाव लिहा, कुठून आलात लिहा, कुठे निघालात लिहा, मग बूट काढा. आणि लोक म्हणतात, त्याच ओड्वारची पोरगी न लिहिता डोंगरात जाते! पाववाल्याकडे परवा कोणीतरी म्हणालं, ‘पाद्र्याची पोर चर्चला जात नाही, त्यातलंच.’ बाबांनी ऐकलं, पाव घेतला, गेले. शाळेच्या मुलांची शरदातली सहल तुझ्याऐवजी हार्स्टाच्या कुणा माणसाकडे दिलीय, हे तुला कळलंच असेल. बोर्गहिल्ड म्हातारी मात्र तुझ्या बाजूनं भांडते. गामडालच्या झोपडीची देखभाल तिच्याकडे, वही तिचीच. ‘त्या पोरीनं लाकडं फोडून ठेवली, कप धुऊन पालथे घातले, खिडकीची कडी लावली, आणि लिहायचं तेवढं विसरली? मला नाही पटत,’ म्हणते. मग कोणी विचारतं, ‘मग लिहिलेलं गेलं कुठे?’ त्यावर ती कॉफी ढवळत बसते. आणि तू लिहितेस, ‘हल्ली मलाच वाटायला लागलंय की मी लिहिलंच नसेल.’ ती ओळ वाचली आणि मी पत्र घेऊन सरळ समुद्रापर्यंत चालत गेलो.

तुला आठवतं, त्रोन्हाइमला मी प्रयोगशाळेतून उठून आलो तो दिवस? प्राध्यापक एवढंच म्हणाले होते, ‘तुमची आकडेमोड पुन्हा करा.’ मी एप्रन त्यांच्या टेबलावर टाकला आणि खोलीवर येऊन बॅग भरली. तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘अरे, आकडेमोडच तर करायची होती!’ मला वाटलं, तूही बॅग भरशील. तू चहा केलास. त्या दिवशी मी शिक्षण सोडलं असं लोक म्हणतात, पण मी रेल्वेत बसलो तेव्हा मला शिक्षणाची आठवणसुद्धा नव्हती, मी दर स्टेशनला डब्याच्या दाराकडे बघत होतो. मग ईस्टरला तू घरी आलीस आणि म्हणालीस, ‘तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज हवामान बघून घराबाहेर पडण्यासारखं आहे.’ मी त्यावर बर्फाच्या फावड्याचा दांडा मोडला. तुझं म्हणणं खरं असल्याचा याहून मोठा पुरावा मी तरी काय देणार होतो?

ऑगस्टमध्ये बोर्गहिल्डकडून कळलं की तू येतेयस, बेट उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत ओलांडणार, आणि बरोबर कुणी एस्किल आहे. ‘सभ्य पोरगा आहे,’ ती म्हणाली, ‘पण अनोरॅक जाकिटालाही इस्त्री केलेली दिसते.’ मला हसू आलं नाही. मी कारखान्यातून चार दिवस मागून घेतले. कुठे चाललास विचारलं, तर म्हटलं दलदलीतली मुल्टेची बोरं वेचायला. आपल्याकडे याहून चांगली थाप नाही. मुल्टेला निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असं सख्खा भाऊही विचारत नाही, आपली दलदल कोण सांगेल? बादली घेतली, तंबू घेतला आणि तुमच्या उलट्या दिशेनं, दक्षिणेकडून चढायला लागलो. वाटेत कुठेतरी समोरासमोर गाठ पडेल आणि मी काहीतरी बोलेन. काय बोलेन ते ठरलं नव्हतं. दर खिंडीला नवीन भाषण तयार व्हायचं. पहिल्या चढावर मी तुला माफ करत होतो, दुसऱ्यावर तू माझी माफी मागत होतीस, तिसऱ्यावर एस्किलला ओढ्यात ढकलत होतो. पहिला मुक्काम बर्चच्या खुरट्या झाडांत केला. तंबूचे खुंटे दोनदा उपटून दोनदा ठोकले, जमीन सपाट नाही म्हणून. जमीन सपाटच होती.

बुधवारी गामडालला पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं आणि झोपडीच्या धुराड्यातून धूर निघत होता. तुम्ही आत होतात. मी दारापासून वीस पावलांवर उभा होतो, सुन्निवा. आतून भांड्याचा आवाज आला, मग तुझं हसणं. ते नाकातून सुरू होऊन घशात जातं ते हसणं. मला वाटलं होतं की ते माझ्या विनोदांनाच येतं. मी मागे फिरलो. घरापासून दीडशे मीटर दूर तंबू ठोकायचा हा नियम लहानपणापासून आपल्या हाडात आहे, बघ. डोकं फिरलेलं, डोळ्यांत पाणी, आणि मी मोठमोठ्यानं पावलं मोजत चाललोय, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणपन्नास. दगडाच्या आडोशाला तंबू लावला, सुका मासा चघळत बसलो, आणि सकाळी दार ठोठावायचंच असं ठरवलं. सकाळी तीनदा निघालो. तिसऱ्या वेळी खरंच दारापर्यंत गेलो आणि ठोठावलं. तुम्ही निघून गेला होतात.

स्टोव्ह अजून कोमट होता. पुढच्या माणसासाठी तू लाकडं फोडून, भिंतीशी रचून ठेवली होतीस. पातळ फोडी वेगळ्या, जाड वेगळ्या. तो पुढचा माणूस मी होतो. टेबलावर वही होती. नवं पान, उजव्या हाताचं, वरच्या बाजूला तुझं अक्षर. होय. मी वाचलं. ‘सुन्निवा आणि एस्किल. उत्तरेकडून आलो. खुणेची वाट सोडून पश्चिमेच्या खिंडीतून लांगवात्न तळ्याकडे. तिथे दोन मुक्काम, तंबू एक. शनिवारी स्कार्विक.’ लांगवात्न! आपण शाळा संपल्यावर पहिल्यांदा तंबू लावला ते तळं. तू म्हणाली होतीस, हे कुणाला सांगायचं नाही, मुल्टेच्या दलदलीसारखं. पुढचं सांगतो, थांब. भोंगा झाला, मला आत जावं लागेल.

सुट्टी झाली. घरी आलोय, पाच वाजलेत. पुढचं काही तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ठाऊक नाही. मी शुक्रवारी उतरलो. रिकामी बादली बघून बोर्गहिल्ड म्हणाली, ‘बादलीत एक दाणा नाही आणि तोंड मात्र कच्च्या मुल्टेसारखं लाल.’ शनिवारी तुम्ही आला नाहीत. पाऊस थांबत नव्हता, धुक्यात हेलिकॉप्टर उडेना. बोर्गहिल्ड दोघांना घेऊन गामडालला चढली आणि तिथून वायरलेसवर म्हणाली, वहीत काही नाही, शेवटची नोंद सोमवारची, कुणा जर्मन जोडप्याची. लाकडं कुणी फोडली ते वायरलेसवर कोण सांगतंय? म्हणजे तुम्ही झोपडीपर्यंत पोचलाच नाहीत, असा तुझ्या बाबांनी हिशेब केला. रविवारी सकाळी दहाला सगळे शाळेत जमले आणि त्यांनी नकाशावर उत्तरेचा कडा दाखवला. किनाऱ्याकडचा, जिथे दोन वर्षांपूर्वी ते मेंढपाळ पडले होते. मी दारातच होतो, ओल्या कोटांच्या वासात. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. मी त्यांच्याबरोबर उत्तरेला निघालोसुद्धा, सुन्निवा. दोन तास कड्याखाली तुझ्या नावानं हाका मारत फिरलो. तू तिथे नाहीस हे त्या रांगेत एकट्या मला माहीत होतं. माझ्या शेजारी पाववाला ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. मनाला सांगत होतो की तू हुशार आहेस, चालत येशील, आणि एस्किल जरा भिजला तर बिघडलं काय. दुपारी दोनला तुझे बाबा एका दगडावर बसले आणि त्यांनी टोपी काढली. त्या माणसाला मी कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. मी जाऊन म्हटलं, ‘इथे नका शोधू. ती लांगवात्नला असेल.’ ‘तुला काय माहीत?’ मी म्हटलं, ‘मी ओळखतो तिला.’

संध्याकाळी तुम्ही सापडलात. तळ्याकाठी त्या लोंबत्या खडकाखाली, एस्किलची नडगी मोडलेली, तुझा स्पिरिटचा स्टोव्ह विझत आलेला. तू त्याला तुझी स्लीपिंग बॅग दिली होतीस आणि स्वतः तंबूचं कापड गुंडाळून बसली होतीस. मला बघून तू म्हणालीस, ‘तूच येणार, मला वाटलंच.’ आणि खाली आल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली, ईस्टरपासून माझ्याशी न बोललेल्या माणसानं. मग त्याच श्वासात तुझ्याकडे वळून, ‘तीन ओळी लिहायला हात दुखत होता का गं पोरी?’ तू म्हणालीस, मी लिहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. एस्किलला विचारलं तर तापात तो म्हणाला, मी बाहेर बूट बांधत होतो, बघितलं नाही. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, आणि लोक माझी पाठ थोपटत होते. वर्तमानपत्रात काय छापून आलं ते तू वाचलंच असशील. ‘प्रेमाला वाट कळते.’ आईनं कापून फडताळाच्या दाराला लावलंय. साखर काढायची तरी वाचावं लागतं.

तर सुन्निवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला काही कळलं नव्हतं. मला कुणाचं मन वाचता येत नाही, तुझं तर कधीच आलं नाही. मी तुझं अक्षर वाचलं. ‘तंबू एक’ वाचलं, आणि मासे कापायच्या सुरीनं ते पान शिवणीपाशी असं सफाईदार कापलं की बोर्गहिल्डच्याही लक्षात आलं नाही. माझ्या हातानं आयुष्यात सफाईदार केलेलं एवढं एकच काम. का केलं विचारशील तर मला धड सांगता येणार नाही. त्या टेबलापाशी मी एवढाच विचार केला की हे इथे लोकांना वाचायला राहता कामा नये. वही कशासाठी असते हे मला तुझ्याच बाबांनी शिकवलं होतं, आणि तरीही. एस्किलची नडगी डॉक्टरांनी दोनदा उघडली. काही तास आधी आणला असता तर एकदाच भागलं असतं, असं नर्स बोर्गहिल्डला म्हणाली. ते चार तास माझे आहेत, त्यालाही वेगळं लिहितोय. पान या पाकिटात आहे, ते तुझं आहे, ज्याला दाखवायचं त्याला दाखव. तू विसरली नव्हतीस. तू तीन ओळी लिहिल्या होत्यास, तारखेसकट, आणि पुन्हा कधी स्वतःवर असा संशय घेऊ नकोस. हे तुला बोट पकडायच्या आधी कळावं म्हणून आज टपालात टाकतोय, नाहीतर तू एका अशा माणसासाठी बोटीत चढशील, जो नाहीच. शुक्रवारी मी धक्क्यावर नसेन. मनात नाही म्हणून नव्हे, देवाशपथ. चार वाजता मी तुमच्या स्वयंपाकघरात तुझ्या बाबांसमोर बसलेला असेन आणि हे सगळं पुन्हा एकदा, तोंडानं, सांगत असेन. त्यांचा हात किती जड आहे हे मला ठाऊक आहे, पण त्यांनी टोपी काढली होती त्याहून ते जड नसेल. तू घाई करू नकोस. मागच्या दारानं येऊ नकोस. सरळ गावातून, दुकानावरून, मान वर करून चालत ये.

तुझाच, पण तू बोलावल्याशिवाय न येणारा,
व्हेट्ले